वासाच्या वाटेनं

बाळासोच्या मटणाच्या दुकानात त्या दिवशी सत्यजीतला काय मागावं हेच सुचेना. इनामगावच्या सोसायटीचे चेअरमन जयसिंगआबा यांचा तो एकुलता एक मुलगा. मटण न्यायला शिरूरला तो कितीदा तरी आला होता, पण आज त्याला मटण नको होतं. त्याला बकऱ्याचं नाक हवं होतं.

"नाक?" बाळासोनं सुरा हातात तसाच धरला.

"म्हंजी आख्खी मुंडी द्या. पण भाजू नका. केस जाळायचे न्हाईत, काय न्हाई. जशी हाय तशी. आन् आत्ता कापलेली पायजे."

बाळासोनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "कुणाला बघायला बोलावलंय का घरी? भगत-बिगत?"

"न्हाई हो!" सत्यजीतला हसू फुटलं. "आमच्या मंडळींना पायजे. कॉलेजात. औषधाचा प्रयोग हाय त्यांचा."

बाळासोचा फारसा विश्वास बसलेला दिसला नाही. तरी त्यानं मुंडी दिली. सत्यजीतनं ती थर्माकोलच्या डब्यात, बर्फाला थेट टेकणार नाही अशी, सलाइनच्या पिशवीत ठेवली. अनुपमानं बजावून सांगितलं होतं तसंच. मग गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लावली.

अनुपमा ही त्याची बायको. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत गार्ड. लग्न ठरलं तेव्हा तिचं एम.फार्म. झालं होतं आणि न्हावऱ्याच्या अलीकडच्या फार्मसी कॉलेजात ती शिकवत होती. लग्नानंतर ती पीएच.डी.ला लागली. घरात तिला कुणी अडवलं नाही, पण ती नेमकं काय करते हे विचारायलाही कुणी गेलं नाही. आबा पाहुण्यांना एवढंच सांगायचे, "सूनबाई डॉक्टर होनार हायेत." पाहुणे लगेच गुडघेदुखीवर औषध विचारायचे.

सत्यजीतला मात्र हळूहळू गोडी लागली. सुरुवात झाली ती एका दुपारी. तिला घ्यायला तो कॉलेजवर गेला होता आणि तिचं काम संपलेलं नव्हतं. "थांबा जरा, आत या, पण कशाला हात लावू नका," असं म्हणून तिनं त्याला स्टुलावर बसवलं. समोर काचेच्या चंचुपात्रात पाण्यासारखं स्वच्छ द्रावण गरगर फिरत होतं. खेकड्या-कोळंबीच्या कवचापासून काढलेलं एक पॉलिमर त्यात विरघळवलेलं होतं, औषधही होतं. वरून ती दुसऱ्या एका द्रावणाचा थेंब थेंब सोडत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दुधाची किटली विसळल्यावर पाणी दिसतं तसं ते गढुळलं, आणि त्या गढुळपणात निळसर झाक आली.

"झालं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की सत्यजीतला बघतच राहावंसं वाटलं.

"काय झालं?"

"कण तयार झाले. नॅनो कण."

"नॅनो म्हंजी तो बाटलीतला युरिया?"

"तेच नॅनो," ती हसली. "माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण शेजारी शेजारी बसतील. आणि प्रत्येकाच्या पोटात थोडं थोडं औषध."

औषध होतं कंपवाताचं. परतताना गाडीत ती समजावत राहिली. गोळी गिळली की ती पोटात जाते, तिथून यकृतात, मग रक्तात. निम्मं औषध वाटेतच खर्ची पडतं. शेवटी मेंदूच्या दारात रखवालदार बसलेला असतो, तो बऱ्याचशा औषधांना आत सोडतच नाही. पण नाकात अगदी वरच्या बाजूला वासाच्या नसा आहेत, त्या थेट मेंदूत जातात. त्या वाटेनं औषध पाठवता आलं तर? अडचण एवढीच, की नाकात काही सोडलं तर शेंबडाबरोबर ते थोड्याच वेळात घशात उतरतं. या पॉलिमरचे कण मात्र नाकाच्या अस्तराला चिकटून बसतात आणि तिथल्या पेशींमधल्या फटी जराशा सैल करतात.

"मग झालं की औषध!" सत्यजीत म्हणाला.

"अजून काहीच झालं नाही हो," ती म्हणाली. "आता ते अस्तरातून पलीकडं जातं का बघायचं. त्यासाठी अस्तर हवं. बकऱ्याचं चालतं."

अशी ती नाकं आणायची जबाबदारी सत्यजीतकडं आली. अस्तर ताजं हवं, नाहीतर मरतं. म्हणून तो सकाळची धार उरकली की शिरूर गाठायचा. बाजारपेठेत लोक चेष्टा करायला लागले. "चेअरमनचा पोरगा नाकं गोळा करतोय," असं कुणीतरी आबांच्याही कानावर घातलं. आबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

सत्यजीतला चेष्टेचं काही वाटत नव्हतं. नाकाच्या आतल्या वळणदार हाडांवरून ते ओलं, गुलाबी, पातळ अस्तर अनुपमा अलगद सोडवायची, ते त्यानं पाहिलं होतं. चिमट्यानं कड उचलायची, कात्रीच्या टोकानं जरा मोकळी करायची, थांबायची, पुन्हा उचलायची. मग ते अस्तर एका दुमजली काचेच्या भांड्यात मधल्या पडद्यासारखं ताणून बसवायची. वरच्या मजल्यात औषधाचे कण, खालच्या मजल्यात अंगाच्या उबेइतकं कोमट द्रावण. वरचं खाली किती उतरतं ते ठरावीक वेळानं मोजायचं. पहिले कित्येक महिने जवळजवळ काहीच उतरलं नाही. कधी कण एकमेकांना चिकटून गोळा व्हायचे, कधी औषध कणांत शिरायचंच नाही. ती घरी यायची, भाकऱ्या थापायची, जेवायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रमाण बदलून पुन्हा मांडामांड करायची. एकदाही तिनं "नको आता" म्हटलं नाही. द्राक्षावर एकदा डाऊनी रोग आला तेव्हा आपण आठवडाभर रानाकडं फिरकलो नव्हतो, हे सत्यजीतला अशा वेळी हटकून आठवायचं.

या सगळ्याची आस गावात आणखी एका माणसाला होती. ते म्हणजे हौसरावमामा. हौसराव धनगर, आबांच्या बरोबरीचे. त्यांच्या वडलांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन फिरणं होतं, मग घोडनदीच्या काठी थोडी जमीन झाली आणि घर थाऱ्याला लागलं. हौसराव लोकर कातरायला बसले, की मेंढराच्या अंगाला ओरखडासुद्धा उठत नसे, अशी त्यांची ख्याती. आता त्यांचा उजवा हात सारखा थरथरायचा आणि पाऊल उचलता उचलत नसे. कंपवात. अनुपमा लग्न होऊन आली त्याच वर्षी त्यांना तो निघाला होता.

"पयल्यांदा वास गेला बघ, पोरी," त्यांनी तिला एकदा सांगितलं होतं. "हात लई नंतर हालाय लागला. आदी मेंढराचा वास येईना. म्या म्हनलं, असंल सर्दी."

या आजारात पुष्कळांचा वास आधी जातो हे अनुपमानं वाचलं होतं, पण समोर बसून कुणी सांगितलेलं पहिल्यांदाच ऐकलं. आपला विषय तिनं पुढं मार्गदर्शकांकडं जाऊन कायम केला, त्यात हौसरावमामांचा वाटा होता असं सत्यजीतला कायम वाटे. ती तसं कधी बोलली नाही.

दसऱ्याच्या सुमाराला नशीब पालटलं. तिनं पॉलिमरचं प्रमाण नव्यानं ठरवून एक घाणा केला, आणि औषध अस्तरातून भराभरा उतरायला लागलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नुसतं औषध पूर्वी जितकं उतरत होतं त्याच्या कितीतरी पट. तिनं लगेच फोन करून सत्यजीतला सांगितलं. कॉलेजच्या प्राचार्यांनी कुरकुंभच्या एका औषध कंपनीला कळवलं. तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. रविराज यांनी स्वतः येऊन बघायचं कबूल केलं. बरं वाटलं तर पुढच्या अभ्यासाचा भार कंपनी उचलणार होती.

आनंदाच्या भरात सत्यजीत थेट हौसरावमामांच्या वस्तीवर गेला. "मामा, औषध घावलं! नाकात फवारायचं, की हात थांबला. आता लई दिवस न्हाईत."

डाव्या हातानं हौसरावांनी उजवा हात धरला आणि नुसते हसत राहिले.

आबांनी तर कमालच केली. सोसायटीच्या वार्षिक सभेत सूनबाईंचा सत्कार ठेवला, आणि चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. मध्ये अनुपमाचा फोटो, चारी बाजूंनी शुभेच्छुकांचे. 'कंपवातावर नाकातून औषध शोधणाऱ्या इनामगावच्या सूनबाई.' अनुपमानं तो कॉलेजला जाताना पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"शोधणाऱ्या असं नको होतं लिहायला," ती एवढंच म्हणाली.

"आबा खूश हायेत, असू दे की."

दोन-तीन दिवस ती जेवताना भलतीकडंच बघत होती. शेवटी सत्यजीतनं विचारलं तेव्हा म्हणाली, "फारच चांगलं आलंय हो."

"मग? चांगलं आलं तर वाईट काय?"

"इतकं चांगलं येत नाही कधी. मी कणांचा प्रयोग आताच्या अस्तरांवर केलाय. नुसत्या औषधाचा प्रयोग मात्र जुना, उन्हाळ्यातला आहे. दोन्ही एकाच दिवशी, एकाच बकऱ्याच्या अस्तरावर करायला हवे होते. मी घाई केली."

रविवारी कॉलेजात शुकशुकाट होता. सत्यजीतनं सकाळी आणलेलं नाक तिनं सोडवलं, अस्तराचे तुकडे केले आणि भांडी मांडली. एकात कण घातले, एकात नुसतं औषध. तिसऱ्यात तिनं लाल रंगाचं एक द्रावण ओतलं.

"हे काय?"

"हा रंग धडधाकट अस्तरातून जात नाही. अस्तर शाबूत असेल तर खालचं पाणी नितळ राहील."

सत्यजीत स्टुलावर बसून बघत होता. थोडा वेळ खालचं पाणी नितळ होतं. मग पडद्याच्या खालून एक बारीक लालसर धागा सुटला, पाण्यात फिरला आणि विरून गेला. मागोमाग दुसरा. बघता बघता खालचा मजला गुलाबी झाला.

अनुपमानं नुसत्या औषधाच्या भांड्यातलं पाणी मोजलं. तिथंही औषध कणांइतकंच उतरलं होतं.

सत्यजीतला काही समजवावं लागलं नाही. औषध कणांनी नेलं नव्हतं. पडदाच फाटका होता, त्यातून काहीही गेलं असतं.

ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. तिनं खिडकीशी जाऊन दोन्ही हात ओट्यावर टेकले आणि वळून म्हणाली, "अस्तर कशानं मेलं ते शोधलं पाहिजे. उद्या मी येते तुमच्याबरोबर शिरूरला."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चेअरमनची सून बाळासोच्या दुकानात उभी राहिली तेव्हा बाळासोची धांदल उडाली. त्यानं खुर्ची पुसली, चहा सांगितला. "वहिनी, तुम्ही कशाला आला? म्या दिलं असतं की धाडून."

"तुम्ही मुंडी कापल्यापासून आमच्या हातात देईपर्यंत काय काय करता, ते बघायचंय मला," ती म्हणाली.

बाळासोनं दाखवलं. मुंडी वेगळी केली, आणि मागच्या चुलीवर आधण उकळत होतं त्यात बुडवून वर काढली. केस हातानं ओरबाडले, फडक्यानं पुसली. लख्ख पांढरी मुंडी त्यानं मोठ्या अभिमानानं समोर धरली. अशा साफ मुंड्या सत्यजीत कित्येक दिवस नेत होता, पण बाळासो केस वस्तऱ्यानं काढतो असंच त्याला वाटलं होतं.

"हे केव्हापासून करताय?" सत्यजीतनं विचारलं.

"झालं की गणपतीपासनं. तुम्ही भाजू नका म्हनला, म्या न्हाई भाजली. पन रगत लागल्याली, केसाळ मुंडी वहिनीच्या हातात जायची, मला बरं वाटंना. शिकल्याली बाई. म्हनलं, सोच्च करून द्यावी."

सत्यजीतच्या तोंडात शिवी आली होती. पण अनुपमानं बाळासोकडं बघितलं आणि तिचा चेहरा निवळला. ती खाली पाटावर बसली, पर्समधून कात्री-चिमटा काढला आणि म्हणाली, "बाळासोभाऊ, एक न बुडवलेली द्या. आणि इकडं या, दाखवते तुम्हाला."

तिथंच, गिऱ्हाइकं दारात उभी असताना, तिनं दोन्ही नाकं उघडली. उकळत्या पाण्यातून निघालेल्या नाकाचं अस्तर फिकं पडलं होतं, शिजलेल्या अंड्याच्या पापुद्र्यासारखं, बोट लावलं की सुटत होतं. अलीकडं अस्तर असंच येतं हे तिनं पाहिलं होतं, पण शेजारी ताजं नसल्यानं ते खटकलं नव्हतं. दुसऱ्याचं गुलाबी, ओलं, चिवट. "हे जिवंत आहे," ती म्हणाली. "माणसाच्या नाकात असतं तसं. मला असंच लागतं. रक्त लागलेलं चालेल, केस चालतील."

बाळासोनं डोक्याला हात लावला. "म्हंजी माझ्यामुळं सगळं—"

"तुमच्यामुळं नाही. रंगाची चाचणी मी प्रत्येक वेळी करायला हवी होती. ती माझी चूक."

परतताना सत्यजीत म्हणाला, "रविराज सर गुरुवारी येनार. पुढं ढकल की. आजारी हाय म्हनायचं."

"प्राचार्य पण तेच म्हणतील," ती म्हणाली. "पण ढकललं तर तो फ्लेक्स आणखी काही दिवस राहील. आणि मला ते बघत कॉलेजला जावं लागेल."

गुरुवारी कुरकुंभहून गाडी आली. सत्यजीत व्हरांड्यात थांबला होता. दार उघडंच होतं, त्यामुळं त्याला सगळं ऐकू आलं. अनुपमानं भिंतीवरच्या पडद्यावर पहिलंच चित्र लावलं ते गुलाबी पाण्याच्या भांड्याचं. "सर, तुम्हाला पाठवलेले आकडे चुकीचे आहेत," तिनं सुरुवात केली. अस्तर कसं मेलं, चूक कशी ध्यानात आली, कुठली चाचणी राहिली होती, सगळं तिनं सरळ सांगितलं. आवाज चढला नाही की पडला नाही. प्राचार्य अस्वस्थ होऊन खुर्चीत सरकत होते.

डॉ. रविराज यांनी ते चित्र पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "यातलं मला काहीच कळलं नसतं. आज तरी."

"पुढं कळलं असतं," अनुपमा म्हणाली. "उंदरांवर गेल्यावर. तोपर्यंत दोन वर्षं गेली असती."

"आता देण्यासारखं काही नाही तुमच्याकडं."

"आज नाही."

"मग आज आम्हालाही काही कबूल करता येणार नाही." ते उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. "खरे आकडे आले की मला फोन करा. कितीही लहान असले तरी."

गाडी निघून गेली. सत्यजीतनं बायकोकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल त्याला माया वाटली होती, कौतुक वाटलं होतं. आज पहिल्यांदा आदरानं त्याचा जीव दडपला. चारचौघांत स्वतःच्या कामावर असा हात ठेवून 'हे खोटं आहे' म्हणणं आपल्याला जमलं नसतं, हे त्याला लख्ख कळलं.

घरी मात्र वादळ झालं. "सभेत मी काय तोंड दाखवू?" आबा कडाडले. "फ्लेक्स लावलाय चौकात! विरोधी पार्टी टपून बसलीय."

"आबा, सत्कार रद्द करा," अनुपमा पदर सावरून शांतपणे म्हणाली. "मी औषध शोधलेलं नाही. ज्याच्या घरात हा आजार आहे तो फ्लेक्स वाचतो आणि आशेला लागतो. ते मला सोसवत नाही."

आबा ताटावरून उठले. कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. फ्लेक्स सत्यजीतनंच शिडी लावून उतरवला आणि गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवर अंथरला.

सगळ्यात अवघड काम राहिलंच होतं. सत्यजीत ते टाळत होता. शेवटी अनुपमाच म्हणाली, "चला, मामांकडं जाऊ."

वस्तीवर हौसरावमामांच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, घोंगडी अंथरली. चहा ठेवता ठेवता तिनं तक्रार सुरू केली. "बघ की गं, पुन्याच्या डाक्टरची तारीख हुती. जात न्हाई म्हनले. म्हनत्यात, आता कशाला, आपल्या सत्यजीतच्या मंडळीचं औषिद येतंय न्हवं."

सत्यजीतनं मान खाली घातली. अनुपमानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती हौसरावांच्या अगदी समोर सरकली.

"मामा, औषध येत नाही. माझा प्रयोग चुकला होता."

"चुकला?"

"हो. आणि पुढं बरोबर आला तरी आधी उंदरांवर बघायचं, मग इतर जनावरांवर, मग माणसांवर. कितीतरी वर्षं लागतात. कदाचित होणारही नाही. तुमच्यापर्यंत पोचेल असं मी सांगू शकत नाही. खोटं सांगवत नाही मला."

हौसरावांचा हात मांडीवर थरथरत होता. बाहेर मेंढरांची चुळबुळ चालली होती. त्यांनी विचारलं, "मला वासच येत न्हाई. मग माझ्या नाकातनं ती वाट तरी चालू हाय का?"

"मीही तेच वाचतेय सध्या," ती म्हणाली. "वाट पूर्ण बंद होत नसावी असं दिसतं. पण ठाम माहीत नाही."

म्हातारा हळूच हसला. "म्या तरणा हुतो तवा आपल्या पांढरीच्या टेकाडावर जुन्या काळचं गाव हुडकाय, खोदाय लोक आल्ते. शिकल्याली पोरं. म्या मजुरीला हुतो. दिसभर बसून बरशानं माती झाडायची, आन् सांजच्याला काय घावायचं? एक मनी. कवा त्यो बी न्हाई. म्या त्यास्नी म्हनलं, टिकाव घाला की, लवकर व्हईल. तर त्यो सायेब म्हनला, हौसराव, टिकावानं मनी फुटतोय." त्यांनी श्वास घेतला. "तू बरशानं झाड, पोरी. मला घाई न्हाई."

अनुपमाचे डोळे तेव्हा पहिल्यांदा भरून आले. तिनं त्यांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "पण पुण्याला यायचं. उद्याच. मी आणि हे घेऊन जातो. त्या डॉक्टरांच्या गोळ्या आज खऱ्या आहेत."

तिघंही पुण्याला गेले. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, जेवणाआधी किती वेळ घ्यायच्या ते नीट समजावलं. हौसरावमामांचा हात थांबला नाही, पण सकाळी उठून नदीपर्यंत त्यांना काठीनं जाता यायला लागलं.

हिवाळाभर अनुपमानं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. आता बाळासो स्वतः फोन करायचा, "वहिनी, रगताची हाय, केसाची हाय, या." ताजं अस्तर, आधी रंगाची चाचणी, पाणी नितळ राहिलं तरच पुढं जायचं. एकाच बकऱ्याच्या अस्तरावर एकीकडं नुसतं औषध, दुसरीकडं कण. सत्यजीत आता नाक आणून लगेच घरी वळत नव्हता. काचेची भांडी धुवायला, वेळ सांगायला तो थांबायचा. चिमटा धरलेला तिचा हात किती वेळ न हलता राहतो, हे बघताना त्याला स्वतःचा श्वासही आवरून धरावासा वाटे.

आकडे आले. फार मोठे नव्हते. नुसत्या औषधाच्या दुपटीच्या जरा वर. पण परत परत केलं तरी तेच आले, आणि लाल रंग खाली उतरला नाही.

"एवढंच?" सत्यजीतच्या तोंडून गेलं.

"एवढं," ती म्हणाली. तिनं 'च' गाळला होता, आणि तो त्याला नेमका ऐकू आला. "पण हे कणांनी नेलंय. माझ्या कणांनी."

डॉ. रविराज पुन्हा आले, या वेळी आणखी दोघांना घेऊन. दुपारभर त्यांनी प्रश्न विचारले. काहींची उत्तरं तिच्याकडं होती. काहींना ती "माहीत नाही, करून बघावं लागेल," म्हणाली. संध्याकाळी उंदरांवरच्या अभ्यासाचं ठरलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी मिळाली की तिनं पुण्याच्या प्रयोगशाळेत काही महिने राहायचं, खर्च कंपनीचा.

घरी हे सांगायचं कसं, असा तिला प्रश्न पडला होता. आबा ओसरीवर सोसायटीच्या दोन सभासदांबरोबर बसले होते. त्यातल्या एकानं तिला बघून खोचकपणे विचारलं, "काय सूनबाई, औषध घावलं का हरवलं?"

अनुपमा उत्तर देणार तेवढ्यात आबाच बोलले. "हरवलं हुतं. तिनं सोताच सांगितलं हरवलं म्हनून. आपल्या सभेत कुनी सांगितलंय का कवा, की माझा हिशेब चुकला?" आबांनी घसा खाकरला. "काय म्हनला त्यो कुरकुंभचा सायेब?"

तिनं सांगितलं. आबांनी नीट ऐकून घेतलं. मग सत्यजीतकडं वळले. "पुन्याला खोली बघ. प्रयोगशाळेजवळ, चालत जाता यील अशी. आन् धारंचं मी बघतो, तू काय नाचू नकोस."

सत्यजीत हसला. अनुपमा आत गेली होती. स्वयंपाकघरातून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा. ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती, उंदराच्या नाकात थेंब सोडताना त्याचं डोकं कसं धरायचं ते विचारत होती.